घाटघरचं मूल आणि विद्यापीठातले दोन विभाग

शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या कुणालाही ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ हा प्रश्न आठवत असेल. भाषा आणि गणिताच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी हा विषय, त्याची वेगळी गाइडं, आणि त्यात ठरलेले प्रकार: संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, वेगळा घटक. असाच एक प्रश्न घेऊ. कुऱ्हाड, कोयता, करवत, ओंडका. अपेक्षित उत्तर ओंडका, कारण बाकीची तीन अवजारं आहेत. हा प्रश्न जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरमधल्या चौथीच्या मुलीला घातला, तर ती ‘करवत’ असं सांगेल, हे अगदी शक्य आहे. घरात कुऱ्हाड आहे, कोयता आहे, पावसाळ्याआधी लाकूड फोडून रचलेलं आहे. करवत असते ती सुताराकडे. तिच्या उत्तराला कारण आहे, ते तिला सांगता येतं आणि तिच्या जगात ते खरं आहे. उत्तरपत्रिकेत मात्र गुण मिळतो शून्य.

या शून्याचा अर्थ कसा लावायचा? मानसशास्त्र शिकलेला म्हणेल, मुलीचं वर्गीकरण अजून वस्तूच्या वापराशी बांधलेलं आहे, अमूर्त पातळीवर गेलेलं नाही. शिक्षणशास्त्र शिकलेला म्हणेल, हा घटक तिला नीट शिकवला गेला नाही, सराव कमी पडला. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. पण ही दोन अर्धी उत्तरं विद्यापीठाच्या दोन वेगळ्या विभागांत तयार होतात, वेगळ्या मासिकांत छापून येतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून हे दोन विषय पदवीपासूनच बरोबर शिकायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. आणि ते बरोबर शिकण्याचा उपयोग शहरातल्या समुपदेशन केंद्रात जेवढा आहे, त्याहून कितीतरी अधिक घाटघरसारख्या गावात आहे.

जवळजवळ याच वस्तू घेऊन हाच प्रश्न नव्वदेक वर्षांपूर्वी मध्य आशियात विचारला गेला होता. अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत आणि किरगिझ प्रदेशातल्या डोंगराळ कुरणांत गेले. कामाची आखणी त्यांनी आणि लेव वायगॉट्स्की यांनी मिळून केली होती. तिथं तेव्हा सामुदायिक शेती आणि साक्षरतेचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. त्यामुळे अजिबात न शिकलेले शेतकरी आणि थोडंसं शिकलेले शेतकरी एकाच गावात भेटत. लुरियांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रं दाखवली. निरक्षर शेतकरी ओंडका बाजूला काढायला तयारच होईनात. ओंडका नसेल तर करवतीचा उपयोग काय? दुसऱ्या एकानं तीन अवजारं एकत्र ठेवली, असं सांगितल्यावर एक जण म्हणाला की त्याच्याकडे जळण भरपूर असेल. याउलट ज्यांनी थोडाच काळ का होईना शाळेचा वर्ग पाहिला होता, ते ‘ही अवजारं, हे लाकूड’ अशी वाटणी सहज करत होते.

लुरियांचं हे पुस्तक रशियनमध्ये प्रसिद्ध व्हायला १९७४ उजाडलं. मधल्या काळात त्यांच्यावर आरोप झाला की तुम्ही सोव्हिएत शेतकऱ्याला मागास ठरवता आहात. लुरियांना स्वतःला हा माणसाच्या मनाच्या ऐतिहासिक प्रगतीचा पुरावा वाटत होता. आज तेच निष्कर्ष वाचताना मला त्यात दुसरी गोष्ट अधिक ठळक दिसते. थोड्याशा शिक्षणानं उत्तर बदलत असेल, तर ती चाचणी मोठ्या प्रमाणात शाळाच मोजत होती. वस्तूंना त्यांच्या कामापासून सोडवून नावाच्या कप्प्यात टाकणं ही शाळेनं लावलेली सवय आहे. उपयोगी सवय आहे, मुलांना ती लागलीच पाहिजे. पण ती नसणं म्हणजे बुद्धी नसणं, असा अर्थ काढणारा माणूस शाळेला आणि मनाला एकच समजतो.

आता घाटघरकडे वळू. हा परिसर ओळखला जातो तो जीवधन किल्ल्यामुळे आणि नाणेघाटामुळे. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. हजारांनी गाई, हजारांनी कार्षापण नाणी, आणि त्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. ते अंक आपल्यासारखे नाहीत. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. एवढ्या मोठ्या दानाचा हिशेब स्थानमूल्यावाचून मांडला गेला. दुसरी-तिसरीच्या मुलांना एकक-दशक-शतक जड जातं तेव्हा शिक्षकांनी हे जरूर आठवावं. ही कल्पना माणसाला सहज सुचलेली नाही, ती रुळायला शतकं लागली.

गावातला हिशेब चालतो भातावर. घाटघर आणि आसपासच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. याच समाजातले आणि याच तालुक्यातले डॉ. गोविंद गारे पुढे आदिवासी जीवनाचे मोठे अभ्यासक झाले. राब भाजायचा, रोप टाकायचं, पाऊस लागला की चिखल करून आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, पुढे हिरडा गोळा करायचा. या कामांत मुलं लहानपणापासून असतात आणि मोजणं त्यांच्या हाताखालून जातं.

धान्याची जुनी मापं इथं थोडी बारकाईनं पाहू, कारण त्यांत गणिताचा एक अख्खा धडा दडलेला आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे शेर. दोन शेर म्हणजे अधोली. दोन अधोल्या म्हणजे पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. गावोगाव यात फरक असे, पण दुपटीची साखळी बहुतेक ठिकाणी अशीच. पायलीत किती चिपटी? सोळा. म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हे सगळे अपूर्णांक एका धान्याच्या राशीत हाताला लागतात. शाळेत अपूर्णांक बहुधा वर्तुळाचे रंगवलेले भाग दाखवून सुरू होतात. ज्या मुलीनं आजीला अधोलीनं भात मापताना पाहिलं आहे, तिला रंगवलेल्या वर्तुळापर्यंत आधी घेऊन जायचं आणि मग ‘हिला अपूर्णांक येत नाहीत’ असं नोंदवायचं, यात वेळ वाया जातोच, शिवाय मुलीचा स्वतःवरचा विश्वासही जातो. पायली आता घरोघर उरलेली नाही, किलोचा काटा आला आहे. पण ज्या घरांत ती अजून आहे, तिथं ती वर्गात का येऊ नये?

भात मापणाऱ्या माणसांवर एक प्रयोग झालेलाही आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात. १९६० च्या दशकात तिथल्या क्पेले शेतकऱ्यांच्या मुलांना अमेरिकी धर्तीचं नवं गणित शिकवायचा प्रयत्न चालला होता आणि मुलं सतत नापास होत होती. शिक्षक जॉन गे आणि मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल यांनी यावर १९६७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी शाळेतलं गणित बाजूला ठेवलं आणि आधी पाहिलं की हे लोक कुठं, काय मोजतात. क्पेले लोक भात पिकवतात आणि ठरावीक मापानं विकतात. एका भांड्यातला तांदूळ किती मापं भरेल याचा अंदाज करायला सांगितल्यावर निरक्षर क्पेले प्रौढांचे अंदाज फार अचूक आले आणि शिकलेले अमेरिकी प्रौढ त्यांच्यापुढे खूप मागे पडले. भौमितिक आकृत्यांची कार्डं लावायला दिल्यावर चित्र उलटं झालं. म्हणजे मोजण्याची शक्ती दोन्हीकडे होती, ती कोणत्या प्रसंगी बाहेर येते हे वेगळं होतं. या पुस्तकाचे दोन लेखक दोन शास्त्रांतले होते, ही गोष्ट मला मुळीच योगायोगाची वाटत नाही. एकटा शिक्षक म्हणाला असता की मुलं कच्ची आहेत. एकटा मानसशास्त्रज्ञ कार्डं घेऊन आला असता आणि तोच निष्कर्ष घेऊन परत गेला असता.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्या कारेहर, डेव्हिड कारेहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी १९८५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला तो तर आणखी थेट आहे. त्यांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊन खरेदी केली आणि हिशेब विचारला. बरोबर उत्तरं ९८ टक्के. मग तीच गणितं त्याच मुलांना कागदावर आकडेमोड म्हणून दिली. बरोबर उत्तरं ३७ टक्के. एक नारळ पस्तीसला, तर दहा कितीला? मुलानं तीन नारळांचे एकशे पाच धरले, त्यात आणखी तीन मिळवले, आणखी तीन मिळवले, शेवटी एक घालून साडेतीनशे सांगितले. शाळेत दहानं गुणायला शून्य लावतात. मुलाला ती युक्ती आठवली नाही, पण त्याची रीत गणिती नियमांना धरून होती.

आपल्याकडचा ताजा पुरावा २०२५ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची गणितं पाहिली. बाजारात तोंडी हिशेब झटपट करणारी मुलं शाळेतल्या लेखी गणितात अडखळत होती. त्याच वेळी, बाजारात कधी न बसलेली शाळकरी मुलं लेखी गणितं सोडवत होती, पण बाजारातला साधा व्यवहार त्यांना जमत नव्हता. ज्ञान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही. हे वाचून ‘मुलांना अनुभव आहे ना, मग शाळेत ते येईलच’ असं म्हणणाऱ्यांनीही थांबायला हवं. पायली माहीत असणं म्हणजे अपूर्णांक येणं नव्हे. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो. तो बांधायला मुलाच्या मनात काय चाललं आहे हे कळावं लागतं, आणि धडा कसा रचायचा हेही कळावं लागतं.

मग ही दोन शास्त्रं वेगळी पडली कशी? सुरुवातीला ती तशी नव्हती. १८९४ मध्ये जॉन ड्युई शिकागो विद्यापीठात गेले तेव्हा तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे तिन्ही विषय त्यांच्याकडे एकाच छताखाली होते. १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाला जोडून मुलांची शाळा काढली, जिथं सिद्धान्त रोजच्या वर्गात तपासला जाई. १९०४ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथं शिकले आणि ड्युईंचा प्रभाव त्यांच्यावर आयुष्यभर राहिला. त्याच कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयात एडवर्ड थॉर्नडाइक होते. मांजरांना पिंजऱ्यात ठेवून त्यांनी शिकण्याचे नियम काढले आणि शाळेतली प्रत्येक गोष्ट मोजता येईल असा विश्वास दिला. पुढे जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात थॉर्नडाइकची वाट रुंद झाली. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात मानसशास्त्र आलं ते प्रयोगशाळेतलं मांजर, कुत्रा, कबुतर आणि नियमांची यादी अशा रूपात. ड्युईंची शाळा मागे राहिली.

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला विभाग निघाला. पुणे विद्यापीठात प्रा. वि. कृ. कोठुरकरांनी हा विषय उभा केला, मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ चा. शिक्षणशास्त्र दुसऱ्या वाटेनं आलं, ट्रेनिंग कॉलेजांतून, शिक्षक तयार करण्याच्या निकडीतून. आज बी.एड.ला बाल्यावस्था आणि अध्ययन यांवर पेपर असतात, आणि शिक्षक पात्रता परीक्षेत दीडशेपैकी तीस गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. हे तीस गुण मिळवायला मुलांच्या विचारवाढीच्या, पियाजे यांनी मांडलेल्या चार अवस्था आणि त्यांची वयं पाठ केली तरी पुरतं. दुसरीकडे मानसशास्त्रात एम.ए. करणारे बहुतेक विद्यार्थी चिकित्सा, समुपदेशन किंवा उद्योग या शाखांकडे वळतात. त्यांना चाचणी घेता येते, संख्याशास्त्र येतं, पण जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा कशी चालते, एका खोलीत पहिली ते चौथी एकत्र कशी बसते, याची त्यांना कल्पना नसते.

वेगळं पडण्याची किंमत काय, हे चाचण्यांच्या इतिहासात दिसतं. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये थिओडोर सिमाँ यांच्याबरोबर पहिली बुद्धिमापन श्रेणी केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत मिळावी म्हणून. बुद्धी वाढवता येते, यावर बिनेंचा विश्वास होता आणि अशा मुलांसाठी त्यांनी मनाच्या व्यायामाचे पाठही सुचवले होते. १९११ मध्ये ते वारले. ती श्रेणी अमेरिकेत गेल्यावर तिच्यातूनच कायमचा शिक्का मारणारा आकडा तयार झाला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने श्रेणीची आवृत्ती तयार केली आणि तिच्यावरचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या शोधपत्रिकेत छापून आला. त्या काळात, त्या साधनांनिशी, परक्या कसोटीचं नुसतं भाषांतर न करता आपल्या मुलांवर ती पुन्हा तपासणं हे फार मोठं काम होतं. कामतांनी केलं ते दोन्ही शास्त्रं हातात असल्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. बिने-कामत चाचणी आजही देशात अनेक ठिकाणी वापरली जाते. दुःख याचं आहे की कामतांनी जी मेहनत घेतली ती पुढच्या प्रत्येक पिढीनं नव्यानं घ्यायला हवी होती. मुलं बदलतात, शब्द बदलतात, घरातल्या वस्तू बदलतात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या मुलाला त्याच्याशी न जुळणाऱ्या मुलांच्या सरासरीशी तोलून मतिमंद किंवा हुशार ठरवणं न्यायाचं नाही.

पुण्यात हे दोन विषय जोडणारी एक मोठी घटना १९६२ मध्ये घडली. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलं शोधायची आणि त्यांच्यासाठी वेगळं शिक्षण रचायचं, ही तिच्यामागची कल्पना. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या मराठीत आणण्याचं काम तिथं झालं. चाचणी आणि शाळा एकाच संस्थेत असल्यानं एकीचा दुसरीवर परिणाम होऊ शकला. असाच शोध जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात घ्यायचा झाला तर मात्र चाचणीच्या आधी भाषा आणि वस्तू बदलाव्या लागतील.

त्या कशा बदलायच्या, या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर मला कोसबाडला दिसतं. ताराबाई मोडक १९१४ च्या पदवीधर. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. माँटेसरींची पद्धत त्यांनी मनापासून घेतली होती. पण त्या पद्धतीची साधनं महाग होती आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या हाती शोभणारी होती. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू झालं, अनुताई वाघ तिथं आल्या आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं.

पाड्यावरची मुलं शाळेत येत नव्हती. पाठीवर भावंड होतं, गुरं राखायची होती. ताराबाई आणि अनुताईंनी यावरून मुलांना किंवा पालकांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. लाकडी मण्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं आली. मोजणं, आकारमान, खरखरीत-गुळगुळीत, हलकं-जड हे सगळे माँटेसरींचे पाठ तसेच राहिले, साधनं रानातली झाली. कोणती गोष्ट मुलाच्या वाढीला आवश्यक आहे आणि कोणती केवळ इटलीतून आलेल्या लाकडी पेटीची सवय आहे, हे ओळखायला मानसशास्त्र लागतं. ती गोष्ट पाड्यावर सकाळी कुठं बसून, कुणाच्या मदतीनं, कोणत्या ऋतूत घ्यायची, हे ओळखायला शिक्षणशास्त्र लागतं. कोसबाडला दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होती. आज देशभर वापरला जाणारा अंगणवाडी हा शब्द याच कामातून पुढे गेला.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं १९७४ पासून जे काम केलं त्याचाही उल्लेख करायला हवा. महापालिका शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम करताना वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांच्या लक्षात आलं की विज्ञानातलं अपयश बऱ्याच अंशी पुस्तकाच्या भाषेचं अपयश आहे. संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यं सोपी केली, मुलांना बोलायला लावलं, की तीच मुलं पुढे जात. आदिवासी मुलांच्या बाबतीत हा मुद्दा दुपटीनं लागू आहे, कारण घरातली बोली आणि पाठ्यपुस्तकातली मराठी यांतलं अंतर त्यांच्यासाठी आणखी मोठं असतं.

घाटघरसारख्या गावांतल्या मुलांचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो गणिताहून मोठा आहे. गावातली प्राथमिक शाळा संपली की पुढचं शिक्षण बहुधा आश्रमशाळेत. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातल्या शासकीय आश्रमशाळा घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत येतात. या शाळांमुळे हजारो मुलांना शिक्षण आणि दोन वेळचं जेवण मिळालं, त्यांचं महत्त्व कमी लेखता येणार नाही. पण काही मुलं सहा-सात वर्षांची असतानाच तिथं राहायला जातात. आईपासून तुटलेल्या लहान मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा अहवाल जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिला. मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो माहीत असतो. पण त्याची आठवण आश्रमशाळेच्या वसतिगृहात कुणी ठेवावी? सुट्टीनंतर मूल उशिरा परत आलं तर नोंद ‘अनियमित’ अशी होते. त्यामागे आईची आठवण आहे, की कापणीत हात हवे होते, की आईवडील नारायणगाव-ओतूरकडे मजुरीला गेल्यामुळे सोडायला कुणी नव्हतं? या तीन कारणांवर तीन वेगळे उपाय आहेत. पहिल्यासाठी प्रेमळ अधीक्षिका आणि घरच्यांचा नियमित फोन, दुसऱ्यासाठी शेतीच्या कामांशी जुळणारं सुट्टीचं वेळापत्रक, तिसऱ्यासाठी गाडी. कारण न शोधता हजेरीपटावर लाल रेघ मारणं हा एकाही प्रश्नावरचा उपाय नाही.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मुख्य विषय आणि गौण विषय अशी रचना आली आहे. क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनाही श्रेयांक आहेत. मानसशास्त्र मुख्य आणि शिक्षणशास्त्र गौण, किंवा उलट, अशी जोडी जिथं महाविद्यालय देतं तिथं ती जरूर घ्यावी. जिथं देत नाही तिथं विद्यार्थ्यांनी मागावी. पुढे शिक्षक व्हायचं तर डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि पात्रता परीक्षा आहेच. केवळ पदवीच्या बळावर कुणाही मुलाला अपंगत्वाचं किंवा अध्ययन अक्षमतेचं निदान लावायचा अधिकार मिळत नाही, तो अधिकृत वैद्यकीय यंत्रणेचा आहे, हेही स्पष्ट माहीत असलेलं बरं.

समजा, घाटघरची एक मुलगी पुण्यात अशी जोडी घेऊन शिकते आहे आणि क्षेत्र प्रकल्पासाठी आपल्याच भागात परतते आहे. तिनं करावा असा एक प्रकल्प मी इथं मांडतो. चौथी-पाचवीच्या मुलांना एकच हिशेब तीन रूपांत द्यायचा. पहिलं रूप, समोर भाताची रास आणि खरीखुरी अधोली: एवढ्यातून तीन घरांना सारखं वाटलं तर प्रत्येकाला किती आणि उरलं किती. दुसरं रूप, तेच तोंडी, बोलीत. तिसरं रूप, कागदावर आकडे. अर्ध्या मुलांना सुरुवात राशीपासून आणि अर्ध्यांना कागदापासून करायची, नाहीतर आधीच्या सरावाचा परिणाम कुठला आणि रूपाचा कुठला हे वेगळं काढता येणार नाही. हे तिला मानसशास्त्र शिकवेल. आवणीच्या दिवसांत जायचं नाही, आईवडिलांची संमती त्यांच्याच भाषेत बोलून घ्यायची, शिक्षकाला परीक्षक वाटेल असं वागायचं नाही, मुलांच्या उत्तराइतकीच त्यांची रीत लिहून घ्यायची, हे तिला शिक्षणशास्त्र शिकवेल.

समजा निकाल रेसिफेसारखा आला, राशीपाशी उत्तरं बरोबर आणि कागदावर चूक. तर काम तिथं संपत नाही, कारण कोलकात्याच्या अभ्यासानं दाखवलं आहे की एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही. मग धडा रचायचा. पहिल्या दिवशी मापटं, शेर, अधोली, पायली प्रत्यक्ष. दुसऱ्या दिवशी मापल्याचं चित्र मुलांनी स्वतः काढायचं. तिसऱ्या दिवशी चित्राशेजारी एक छेद दोन, एक छेद चार. त्यानंतर मापं काढून घ्यायची, फक्त चित्रं. शेवटी चित्रंही काढून घ्यायची. प्रत्येक पायरीला कोणतं मूल कुठं थांबलं हे टिपायचं, कारण थांबण्याची जागा हीच पुढच्या धड्याची सुरुवात असते. मग हीच मुलं सहावीत आश्रमशाळेत जातील. तिथल्या गणिताच्या शिक्षकाच्या हाती ही टिपणं पडली पाहिजेत, आणि त्या मुलीनं वर्षभरानं परत जाऊन त्याच मुलांना, राशीशिवाय, नवे अपूर्णांक घालून पाहिले पाहिजेत.